वजनदार बाळाची हाडं भक्कम असतात? फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पालकांच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: बाळ जितकं गुटगुटीत, तितकी हाडं भक्कम. वजनाचा भार पडला की हाड आपोआप मजबूत होतं आणि उंचीही वाढते. पाय वाकलेले दिसले तरी काळजी नको, पुढे सरळ होतात. दूध आणि कॅल्शियम भरपूर द्या. लवकर उभं करा, वॉकरमध्ये ठेवा. उड्या मारू देऊ नका, कोवळी हाडं मोडतात. शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती असते, आणि लोक ती मनापासून पाळतात.

या संदेशातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला खऱ्या गोष्टीचा एखादा धागा आहे, म्हणून तो पटतो. पण त्या धाग्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांतला एक निष्कर्ष तर मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेऊ शकतो. म्हणून एकेक विधान घेऊनच उत्तर द्यायला हवं.

त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. लहान मुलाचं हाड एकाच वेळी दोन वेगळी कामं करत असतं. ते लांब होतं आणि ते जाड, टणक होतं. लांबी वाढते ती हाडाच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पातळ थरातून. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी विभागतात, रांगेत उभ्या राहून फुगतात आणि मागून त्यांच्या जागी हाड तयार होत जातं. जाडी वाढते ती हाडाच्या बाहेरच्या आवरणाखाली नवे थर बसून. भाराला या दोन जागा सारखा प्रतिसाद देत नाहीत. तयार हाडाला योग्य भार मानवतो. ग्रोथ प्लेटवर मात्र सतत जास्त दाब राहिला तर तिथली वाढ मंदावते. १८६२ मध्ये ह्यूटर आणि फोल्कमान या जर्मन शल्यविशारदांनी हा नियम मांडला. मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ आजही त्याचाच उपयोग करून वाकडी हाडं सरळ करतात: ज्या बाजूची वाढ थोपवायची, तिथे ग्रोथ प्लेटच्या वर-खाली स्क्रू आणि छोटी पट्टी बसवतात. त्या बाजूची वाढ अडते, दुसरी बाजू पुढे जाते, हाड सरळ होतं. दाबाखाली वाढ अडते या एका गोष्टीवर अख्खी शस्त्रक्रिया उभी आहे, आणि संदेश मात्र सांगतो की भार वाढला की हाड वाढतं.

आता विधानं.

‘वजनाचा भार पडला की हाड आपोआप मजबूत होतं.’

भारानुसार हाड स्वतःला घडवतं, हे खरं आहे. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये ते सविस्तर मांडलं. टेनिस खेळाडूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि लहान वयात खेळायला लागलेल्यांमध्ये हा फरक जास्त दिसतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा एवढंच ऐकलं असावं. पण प्रश्न उरतो तो कोणत्या भाराचा.

१९८४ मध्ये लॅनियन आणि रुबिन यांनी टर्की पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर एक प्रयोग केला. काही हाडांवर स्थिर दाब ठेवला, काहींवर थोडा वेळ दाब देऊन सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं केलं. स्थिर दाबाखालचं हाड वापरात नसलेल्या हाडासारखंच झिजत गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या दाबाखालच्या हाडात नवं हाड तयार झालं. त्याच सुमाराच्या त्यांच्या दुसऱ्या कामात दिसलं की दिवसाला ३६ वेळा असा दाब पडला तरी हाडाला पुरतं. त्याहून कितीतरी जास्त वेळा दिल्याने फायदा वाढत नाही. हाड बदलाला प्रतिसाद देतं. धावताना, चढताना, उडी मारून जमिनीवर येताना क्षणभर पडणारा जोर त्याला कळतो. शरीरावर साठलेली चरबी चोवीस तास तशीच असते. ती घेऊन बसून राहिलेल्या मुलाच्या हाडाला बांधणीचा निरोप जवळजवळ मिळतच नाही.

दुसरी गोष्ट स्नायूंची. हाडांवर पडणारे सगळ्यात मोठे जोर शरीराच्या वजनाचे नसतात, स्नायूंच्या आकुंचनाचे असतात. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असल्यामुळे थोडा भार उचलायलाही त्यांना मोठी ओढ लावावी लागते, आणि ती सगळी ओढ हाड सोसतं. त्यामुळे वजन नेमकं कशाचं आहे, यावर खूप काही ठरतं. दोन मुलांचं वजन सारखं असेल आणि एकाच्या अंगात स्नायू जास्त, दुसऱ्याच्या अंगात चरबी जास्त असेल, तर त्यांची हाडं सारखी असतील असं समजायचं काही कारण नाही.

इथे हमखास एक आक्षेप येतो: ‘तपासणीत जाड मुलांच्या हाडांची घनता जास्तच दिसते की!’ दिसते, बरोबर आहे. नेहमीच्या डेक्सा तपासणीत मोठ्या आकाराचं हाड जास्त घनतेचं भासतं, आणि भोवतीच्या जाड चरबीमुळेही मापात चूक येते. पण ते बाजूला ठेवलं तरी खरा प्रश्न वेगळा आहे. हे हाड जेवढं शरीर वाहून नेतंय, त्या मानाने ते पुरेसं आहे का? न्यूझीलंडमधल्या डनेडिन इथल्या संशोधकांनी मुलांची मापं घेतली तेव्हा जास्त वजनाच्या मुलांच्या हाडांतलं खनिज त्यांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने कमी भरलं. असं मूल पडतं तेव्हा त्याच्या मनगटावर त्याचं सगळं वजन येतं. ते मनगट मात्र तेवढ्या वजनासाठी बांधलेलं नसतं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. स्पेनमधल्या कॅटलोनियात चार वर्षांच्या सुमारे ४ लाख ६७ हजार मुलांच्या नोंदी घेऊन पुढे अकरा वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. चौथ्या वर्षी लठ्ठ असलेल्या मुलांमध्ये पुढे पायाचं हाड मोडण्याची जोखीम नेहमीच्या वजनाच्या मुलांपेक्षा जवळपास पावणेदोन पट निघाली. नुसत्या जास्त वजनाच्या मुलांमध्येही ती सुमारे दीडपटीच्या जवळ होती. वजनदार मुलांची हाडं भक्कम असती, तर हे आकडे उलटे आले असते.

चरबी ही शरीरात नुसती पडून राहणारी गोष्टही नाही. अस्थिमज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी तयार होतात, त्यांच्यापासूनच चरबीच्या पेशीही तयार होतात, आणि एक वाट वाढली की दुसरी आकसते. चरबीत विरघळणारं ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, म्हणून लठ्ठ मुलांच्या रक्तात ते कमी सापडतं. त्यात अशा मुलाची हालचाल कमी होते, हालचाल कमी म्हणून वजन वाढतं, आणि हाडाला मिळणारे निरोप आणखी घटतात.

‘पाय वाकलेले दिसले तरी पुढे सरळ होतात.’

या विधानावर मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे. ते बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं आहे, आणि ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत खोटं आहे त्यांचं यात अतोनात नुकसान होतं.

आधी खरं काय ते. बाळ जन्मतं तेव्हा त्याचे पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांच्या सुमाराला ते सरळ होतात. मग गंमत म्हणजे ते उलट्या बाजूला जातात: तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे लांब राहतात. सात-आठ वर्षांपर्यंत हेही कमी होऊन मोठ्या माणसासारखी ठेवण येते. फिनलंडमधल्या सालेनियस आणि वाँका यांनी १९७५ मध्ये मुलांच्या मापांवरून हा क्रम दाखवला, आणि आजही डॉक्टर त्याच आलेखाशी ताडून पाहतात. त्यामुळे सव्वा वर्षाच्या मुलाचे दोन्ही पाय सारखेच वाकलेले असतील, ते मजेत चालत असेल आणि उंची नीट वाढत असेल, तर त्याला पट्टे, खास बूट, औषध यांतलं काहीही लागत नाही. इतकं सांगून आईवडिलांची झोप वाचवणारा संदेश असता, तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

पण दोन वर्षं उलटून गेल्यावरही पाय कमानीसारखेच राहिले, किंवा वाकडेपणा वाढत गेला, तर ती वेगळी गोष्ट आहे. ब्लाउंट यांचा आजार म्हणून ओळखली जाणारी एक स्थिती आहे. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी १९३७ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. लहान वयातल्या तिच्या प्रकारात दोन गोष्टी वारंवार दिसतात: मुलाचं वजन जास्त असतं आणि ते लवकर चालायला लागलेलं असतं. सगळ्याच लठ्ठ मुलांना ती होत नाही, आनुवंशिकतेचाही भाग असतोच. पण ती कशी वाढत जाते हे पाहिलं की वजनाचा वाटा स्वच्छ दिसतो.

पाय कमानीसारखा असला की शरीराचा भार गुडघ्याच्या मधोमध न पडता आतल्या बाजूला सरकतो. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या ग्रोथ प्लेटच्या आतल्या भागावर दाब वाढतो. दाब वाढला की तिथली वाढ मंदावते, बाहेरची बाजू मात्र नेहमीच्या वेगाने वाढत राहते. साहजिकच नडगी आणखी वाकते. ती वाकली की भार आणखी आत सरकतो. भिंत बांधताना एका बाजूच्या गवंड्याने हात आखडता घेतला आणि दुसरा त्याच वेगाने विटा रचत राहिला, तर भिंत कलते आणि प्रत्येक थरागणिक कल वाढतच जातो, तसं हे आहे. हलक्या मुलाच्या बाबतीत हा दाब सहन होण्यासारखा राहतो आणि नैसर्गिक वाढ बाजी मारते. वजन जास्त असलं की हे पारडं फिरू शकतं. शिवाय मांड्या जाड असल्या की मूल पाय फाकून चालतं, आणि त्या चालीने गुडघ्यावरचे जोर आणखी वेडेवाकडे होतात.

यात वेळेला फार किंमत आहे. अगदी सुरुवातीला, तीन वर्षांच्या आत लक्षात आलं तर काही मुलांना पट्ट्याने फायदा होतो. शस्त्रक्रिया लागलीच, तर चार वर्षांच्या आत केलेलीचा निकाल चांगला येतो. त्यानंतर वाकडेपणा परत येण्याचं प्रमाण वाढतं. आणखी उशीर झाला तर ग्रोथ प्लेटचा आतला भाग हाडाने कायमचा जोडला जातो, आणि मग एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया कराव्या लागतात. ‘पुढे सरळ होतील’ म्हणत दोन वर्षं वाट पाहिली, तर नेमका हाच काळ हातातून जातो. या संदेशाचा राग येतो तो इथे.

म्हणून डॉक्टरांना कधी दाखवायचं ते नीट लक्षात ठेवावं. दोन वर्षांनंतरही कमान कायम आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलेला आहे. दर काही महिन्यांनी काढलेल्या फोटोंत वाकडेपणा वाढताना दिसतो. चालताना पाऊल टेकलं की गुडघा झटकन बाहेर ढकलला जातो. मूल लंगडतं. त्याची उंची वयाच्या मानाने कमी आहे, किंवा मनगटं रुंद दिसतात. या शेवटच्या दोन खुणा असतील तर मुडदुसाची, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या आजाराची, शंका घ्यायला हवी, कारण मुडदुसातही पाय वाकतात आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. दोन्हींतला फरक एक्स-रे आणि रक्ताच्या तपासणीत कळतो, डोळ्यांनी पाहून नाही.

सपाट तळपायांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्याच संदेशाच्या काही प्रतींत ते जोडलेले असतात. लहान मुलाचं पाऊल सपाट असणं नेहमीचं आहे. ऑस्ट्रियात तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची पाहणी झाली होती. तिच्यात तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्क्यांची पावलं सपाट होती, सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं होतं. मात्र लठ्ठ मुलांमध्ये सपाट पावलांची शक्यता सुमारे तिप्पट होती. दुखत नसेल तर महागडे सोल बुटात घालायची गरज नसते.

‘गुटगुटीत मुलं उंच होतात.’

सहा-सात वर्षांची लठ्ठ मुलं वर्गात उंच दिसतात, ही गोष्ट खरी आहे. जास्त पोषणामुळे इन्सुलिन आणि वाढीशी संबंधित इतर संप्रेरकांची पातळी वर राहते आणि ग्रोथ प्लेट वेगाने काम करते. पण त्याबरोबर हाडांचं वयही पुढे पळतं. सात वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये आठ-नऊ वर्षांची हाडं दिसू शकतात. ही वाढ भविष्यातून उसनी घेतलेली असते. लठ्ठ मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, वयात येणं लवकर सुरू होतं, आणि ग्रोथ प्लेट लवकर बंद होतात. बरोबरीची मुलं नंतर त्यांना गाठतात. मोठेपणीची उंची मोजली तर आधीची आघाडी साधारणपणे उरलेली नसते.

ग्रोथ प्लेट बंद करण्याचं काम मुख्यतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं, आणि हे मुलग्यांच्या बाबतीतही खरं आहे. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. तो २०४ सेंटिमीटर उंच होता, अजून वाढतच होता, आणि त्याच्या ग्रोथ प्लेट उघड्या होत्या. चरबीच्या पेशी इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतात. मग चरबी जास्त असली की वाढीचा काळ का आखडतो, याचं एक कारण समोर येतं.

‘दूध आणि कॅल्शियम भरपूर द्या.’

कॅल्शियम लागतंच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ७०० मिलिग्रॅम आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला १००० मिलिग्रॅम, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. रोज ३०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी मिळत राहिलं तर मुडदुसाची जोखीम वाढते. पण ‘लागतं’ याचा अर्थ ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असा होत नाही. निरोगी मुलांना वरून कॅल्शियम देणाऱ्या १९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाठीच्या कण्यात किंवा खुब्यात फरक पडला नव्हता. हाताच्या हाडांत जेमतेम दोन टक्क्यांच्या आतला फरक होता, आणि एवढ्याने हाडं मोडण्याचं प्रमाण कमी होईल असं आढावा घेणाऱ्यांना वाटलं नाही.

दुधाचा अतिरेक वेगळ्याच वाटेने नडतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात साधारण अर्धा लिटर दूध पुरतं. त्याहून खूप जास्त पाजलं की पोट दुधानेच भरतं, इतर अन्न मागे पडतं, आणि लोहाची कमतरता होऊन मूल थकतं, खेळत नाही. दुधाच्या बाटलीत साखर गेली तर वजन वाढतं, दात किडतात, हाडांचा फायदा शून्य.

संदेशात ड जीवनसत्त्वाचा उल्लेखही नसतो, आणि कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषलं जायला तेच लागतं. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने अतिनील दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस झालेली मुलं बरी करून दाखवली, तेव्हापासून त्वचा, प्रकाश आणि हाड यांचं नातं माहीत आहे. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. म्हणून पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एककं) द्यावं अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. वर्षानंतर अन्न आणि पूरक मिळून रोजची गरज ६०० आययू धरतात. लठ्ठ मुलांना जास्त लागू शकतं, पण तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनी घ्यायचा. मनानेच मोठे डोस दिले तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

‘लवकर उभं करा, वॉकरमध्ये ठेवा.’

यावर फार लिहायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली, तेव्हा आधाराविना चालण्याचं वय साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. पंधराव्या महिन्यात चालणारं मूल मागे पडलेलं नसतं. वॉकरमुळे चालणं लवकर येत नाही. उलट वॉकर वापरणारी बाळं बसणं, रांगणं, चालणं यांत थोडी मागे राहिल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. जिन्यावरून वॉकरसकट कोसळून डोक्याला होणाऱ्या इजा इतक्या गंभीर होत्या की कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

बाळ स्वतःच्या ताकदीने लवकर उभं राहिलं तर त्याला अडवायचं नसतं. आधीच वजन जास्त असलेल्या बाळाला उभं करण्याची घाई मात्र करू नये. बाळाला जमिनीवर, पोटावर मोकळं सोडावं. मान उचलणं, पालथं पडणं, रांगणं यांत खांदे, पाठ, खुबे या सगळ्यांचे स्नायू कामाला लागतात, आणि तिथूनच हाडांना निरोप जातात.

‘उड्या मारू देऊ नका, कोवळी हाडं मोडतात.’

संदेशातलं हे वाक्य सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. माझ्या मते सगळ्यात जास्त मुलांचं नुकसान हेच करतं, कारण ते पाळायला सोपं आहे. मुलाला बसवून ठेवलं, हातात मोबाईलचा पडदा दिला, की काम झालं.

लहान मुलाचं हाड मोठ्या माणसाच्या हाडापेक्षा लवचीक असतं आणि मोडलं तरी भराभर जुळतं. वाढत्या वयात उड्यांचा जितका फायदा हाडाला होतो, तितका पुढे कधीच होत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यांवरून उड्या मारायला लावल्या: एका वेळी शंभर, आठवड्यातून तीनदा, सात महिने. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खुब्याजवळच्या हाडातलं खनिज, उड्या न मारणाऱ्या मुलांच्या मानाने साडेचार टक्क्यांनी जास्त वाढलं. ही मुलं वजनाने नेहमीसारखी होती आणि देखरेखीखाली होती. जास्त वजनाच्या मुलाला पहिल्याच दिवशी उंचावरून उड्या मारायला लावू नये, त्याने आधी धावावं, चढावं, पोहावं. आयोवा राज्यात मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात पाचव्या वर्षी जास्त हालचाल करणाऱ्या मुलांच्या हाडांत पुढे आठव्या आणि अकराव्या वर्षीही जास्त खनिज आढळलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासातही हेच सूत्र दिसतं: दीड वर्षाच्या वयात चालण्या-धावण्यात तरबेज असलेल्यांची हाडं सतराव्या वर्षी जास्त मजबूत होती, आणि त्यातला बराच वाटा स्नायूंचा होता.

किती हालचाल हवी? पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अजून सरकता-रांगता न येणाऱ्या बाळाला जागं असताना दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान तीन तास हालचाल करावी, आणि तिसऱ्या वर्षापासून त्यातला एक तास दम लागेल अशा खेळाचा असावा. पहिली दोन वर्षं पडदा नको, त्यानंतर तासाभराच्या आत. आणि झोप: एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास.

झोपेचा हाडांशी थेट संबंध आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी कोकरांच्या नडगीत सूक्ष्म संवेदक बसवून वाढ सतत मोजली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांत किमान नव्वद टक्के वाढ कोकरू आडवं असताना झालेली दिसली. उभं असताना ग्रोथ प्लेट दाबाखाली असते, आडवं पडलं की मोकळी होते. दिवसभर पळून थकलेलं आणि रात्री पोटभर झोपलेलं मूल हाडाच्या दोन्ही गरजा भागवत असतं: जाडीसाठी धक्के आणि लांबीसाठी विसावा.

आणि हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘मग खाणं कमी करायला हवं.’

हे संदेशात नाही, पण या लेखातून तसा अर्थ काढला जाऊ नये म्हणून लिहिते. उपाशी शरीर ग्रोथ प्लेटचं काम थांबवतं. जगात २०२२ मध्ये पाच वर्षांखालच्या अंदाजे १४.८ कोटी मुलांची उंची कुपोषणामुळे खुंटलेली होती. त्याच वयोगटात जास्त वजनाची मुलं सुमारे ३.७ कोटी होती. बारीक मूल म्हणजे मजबूत मूल, हे विधानही तितकंच चुकीचं आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या अन्नातली चरबी तर कापायचीच नसते, वाढत्या मेंदूला ती लागते.

वजन जास्त आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, वाढीच्या तक्त्यावर पाहावं. पाच वर्षांखाली वयापेक्षा उंचीच्या मानाने वजन किती, हे महत्त्वाचं. ते तक्त्यातल्या अधिक दोनच्या रेषेवर गेलं तर जास्त वजन, अधिक तीनच्या वर गेलं तर लठ्ठपणा. इथेही बहुतेक लहान मुलांचं वजन उतरवायचं नसतं, ते काही काळ जवळपास तिथेच राहू द्यायचं असतं. चार वर्षांचं, १०० सेंटिमीटर उंचीचं आणि २० किलो वजनाचं मूल घ्या. त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २० येतो. वर्षभरात ते सात सेंटिमीटर वाढलं आणि वजन तेवढंच राहिलं, तर बीएमआय साडेसतराच्या आसपास येतो. त्यासाठी उपास लागत नाही. गोड पेयं बंद होतात, ताटात घास मोजले जात नाहीत पण पोट भरल्यावर आग्रहही होत नाही, खेळाचा वेळ वाढतो, झोपेची वेळ ठरते. दर दोन-तीन महिन्यांनी उंची आणि वजन तक्त्यावर मांडायचं, आणि पायांची ठेवण बघायला सरळ उभं करून समोरून एक फोटो काढून ठेवायचा. डॉक्टरांकडे जाताना तो तक्ता आणि ते फोटो बरोबर न्यावेत. पहिल्या भेटीतच त्यांना बरंच काही कळतं.